पर्मनंट होता का?

परवा भाचीच्या साखरपुड्यात मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात मुलाकडच्या एका काकांनी विचारलं, "आणि आपण काय करता?"

हा प्रश्न लोक मला गेली २२ वर्षं जेवतानाच विचारत आलेत. एरवी कुणाला पडत नाही.

"गिटार वाजवतो."

"वा, छान छान. आणि काम?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण पोटात दोन जिलब्या गेल्या होत्या, मान वर झाली होती. म्हटलं, "म्युझिक प्रोड्युसर आहे."

काकांनी वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी जिलबी घालायला लावली. मराठी माणसाला 'प्रोड्युसर' म्हटलं की निर्माता दिसतो, बोटांत अंगठ्या दिसतात, दाराशी गाडी दिसते. जो पैसा घालतो तो प्रोड्युसर. माझ्या प्रकारात मात्र प्रोड्युसर म्हणजे गाणं कसं वाजावं ते ठरवणारा, आणि ज्याचे पैसे सगळ्यांचे देऊन झाल्यावर द्यायचे राहतात तो. गायिकेचे गेले, तबल्याचे गेले, वडापाववाल्याचेही गेले, की आयोजक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "तुम्ही तर घरचेच." पण हे काकांना सांगेपर्यंत त्यांच्या पुतण्याचे चार फोटो माझ्या मोबाइलवर येऊन पडले होते. दोन गॉगल लावून, दोन गॉगल डोक्यावर ठेवून. "मालिकेत कुठेही घ्या. मोठा रोल नको, डॉक्टर-वकील काहीही चालेल."

खरं सांगायचं तर मी रिक्षासारखा गिटारवाला आहे. जो हात करेल त्याच्याकडे जातो, फक्त मीटर नाही. सकाळी दत्ताच्या गाण्यात दोन पीस वाजवायचे, दुपारी बिल्डरच्या जाहिरातीला 'थोडं रॉक पण फॅमिलीवालं' काहीतरी करून द्यायचं, रात्री ऑर्केस्ट्रा. एका निवडणुकीत मी एकाच वॉर्डातल्या तीन उमेदवारांची प्रचारगीतं केली. चाल एक, ढोल एक, गिटार एक. फक्त चिन्ह बदललं की नवं गाणं. तिघंही पडले, आणि तिघांनीही गाण्याला जबाबदार धरलं.

लोकलमध्ये ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका, घेऊन मालडब्यात चढलो की कुणीतरी जागा करत विचारतंच, "इन्व्हर्टर का?" मी हो म्हणतो. पुढचे प्रश्न वाचतात. एकदा एका गृहस्थांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं यावर मुलुंडपर्यंत मार्गदर्शन केलं. ऑर्केस्ट्रात मिळणाऱ्या मानापेक्षा तो मान जास्त होता.

तर बाबा. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेत. माझं जे काही चाललंय त्याला ते 'सध्या' म्हणतात. "सध्या तो गिटार वाजवतो." माझी पंचविशी गेली, चाळिशी गेली, सध्या काही संपलं नाही. साखरपुड्याहून परतताना ते रिक्षात म्हणाले, "काकांच्या पुतण्याचं बघ जरा. निदान त्याचं तरी मार्गी लागू दे."

त्या रात्री मी बाबांना मिक रॉन्सनची गोष्ट सांगायला घेतली. या धंद्यात माझा कुणी कुलदैवत असेल तर हा. इंग्लंडमधलं हल नावाचं गाव. तिथल्या पोराला लहानपणी पियानो, व्हायोलिन शिकवलेलं. मोठा झाला, गिटार घेतली, लंडनला जाऊन नशीब काढायला बघितलं, कर्ज करून परत आला आणि गावच्या नगरपालिकेत बागखात्यात माळी म्हणून लागला. १९७० च्या सुरुवातीला त्याचा जुना ड्रमर दोस्त त्याला शोधत आला, तेव्हा हा रग्बीच्या मैदानावर पांढऱ्या रेघा आखत होता. दोस्त म्हणाला, चल लंडनला, डेव्हिड बोवी नावाच्या गायकाला गिटारवाला हवाय.

"मग?"

"मग काय, गेला."

बाबांनी चष्मा काढला. "पर्मनंट होता का?"

"कोण?"

"माळी. पर्मनंट होता की रोजंदारीवर?"

ते मला माहीत नव्हतं. मी घाईघाईने पुढे सरकलो. बोवीचे गाजलेले अल्बम सांगितले, त्यांत याचीच गिटार. वरचा काळा रंग खरवडून काढलेली लेस पॉल गिटार. ("चांगल्या वस्तूचा रंग खरवडला?") नुसती गिटार नाही, व्हायोलिनच्या तुकडीचं सगळं लेखनही त्याचंच. १९७२ साली लू रीड या गायकाचा 'ट्रान्सफॉर्मर' हा अल्बम बोवी आणि त्याने मिळून प्रोड्यूस केला. १९७५ मध्ये बॉब डिलनच्या दौऱ्यात वाजवलं. पुढे जॉन मेलनकॅम्प नावाच्या अमेरिकन गायकाचं एक गाणं असं अडलं होतं की त्याने ते जवळजवळ टाकूनच दिलं होतं. रॉन्सन म्हणाला, यात लहान मुलांचे खुळखुळे घाल. घातले. १९८२ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं.

"खुळखुळ्याचे किती मिळाले त्याला?"

इथे मात्र बाबांनी नेमकी दुखरी नस दाबली. गाणं गायकाचं असतं. ज्याने तीन मिनिटांत सांगितलं की इथे खुळखुळा हवा, त्याचं नाव बारीक अक्षरात, आणि आता तर अक्षरंच नाहीत. कॅसेट-सीडीचं पाकीटच राहिलं नाही, नाव छापणार कुठे? माझी निम्मी कमाई अशा खुळखुळ्यांची आहे. अमुक ठिकाणी ढोलकी थांबवा, तमुक ओळ दोनदा घ्या. समोरचा म्हणतो, "हां, हे मलाही सुचलंच होतं," आणि बिलातून तेवढी ओळ खोडतो.

माझा स्टुडिओ म्हणजे आतली खोली. भिंतीला जुन्या गाद्या लावल्यात, आणि गायकाला उभं करतो ते बायकोच्या साड्यांच्या कपाटापुढे, दारं सताड उघडी टाकून. आवाज घुमू नये यासाठी पैठण्या आणि कांजीवरमच्या चळतीसारखं काही नाही. गाणारा कितीही बेसूर असो, नॅप्थलीनच्या वासाने जरा गंभीर होतो. अडचण एकच. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे आणि बायकोची डाळ कुणाच्या टेकसाठी थांबत नाही. मागच्या महिन्यात एका बुवांचा अभंग घेत होतो. ओळखीची मंडळी असल्यामुळे पैसे ठरले नव्हते, म्हणजे जेवण ठरलं होतं. अकरावा टेक. बुवांनी शेवटचा 'विठ्ठल' असा काही लावला की माझ्याही अंगावर काटा आला, आणि तो विरता विरता पलीकडे कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, वर चढत जाणारी.

बुवा डोळे मिटूनच होते. माझा हात स्टॉपवर गेला आणि थांबला. कारण बोवीच्या १९७१ मधल्या 'लाइफ ऑन मार्स?' या गाण्याच्या शेवटी असंच झालंय. रॉन्सनने लिहिलेली व्हायोलिनं शिगेला पोचून विरतात आणि मागे कुठेतरी चक्क फोन वाजतो. जुन्या टेकमध्ये शिरलेली ती घंटी त्यांनी तशीच ठेवली. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओतला फोन चालतो, तर माझ्या खोलीतली तूरडाळ का नाही?

ठेवली. बुवांनी घरी जाऊन ऐकलं आणि रात्री फोन केला. "शेवटी शंख फार सुरेख घेतलाय हो. कोण वादक?"

मी बायकोचं नाव सांगितलं. तिला पुढच्या महिन्यात काकड आरतीचं बोलावणं आहे.

बाबांना मी हे सगळं सांगत होतो तोवर त्यांनी पाय वर घेतले होते. म्हणजे ऐकत होते. "मग तो तुझा माळी, सध्या काय करतो?"

"गेला, बाबा. १९९३ मध्ये. लिव्हरचा कॅन्सर. ४६ वर्षांचा होता. वर्षभर आधी, आजारी असतानाच लंडनमध्ये वेम्बलीच्या स्टेडियमवर वाजवून गेला."

बाबा काही बोलले नाहीत. मी यंदा ४७ पूर्ण केली, हे त्यांना माझ्याआधी आठवलं असावं. उठून त्यांनी पाण्याचं तांब्याभांडं जवळ ओढलं, उगाच.

"गावाने आठवण ठेवलीय त्याची," मी म्हटलं. "हलला ईस्ट पार्क म्हणून बाग आहे. तो माळी असताना तिथे काम करायचा. २०१७ मध्ये तिथेच त्याच्या नावाने आठ फुटी गिटारचं शिल्प उभं केलंय."

"त्याच बागेत?"

"त्याच."

बाबांच्या चेहऱ्यावर संध्याकाळपासून पहिल्यांदाच समाधान दिसलं. तांब्यावर भांडं पालथं घालत ते म्हणाले, "म्हणजे शेवटी पर्मनंट केला म्हणायचा."