अँग्री बर्ड्स ‘पहिलाच गेम’ नव्हता

परवा रात्री पावणेअकराला ताईचा फोन. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आता त्याला कॉलेज सोडून गेम बनवायचे आहेत. कारण एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: ‘फिनलंडच्या तीन पोरांनी कॉलेजला रामराम ठोकला, खिशात दमडी नसताना पहिलाच गेम बनवला, अँग्री बर्ड्स! कसलीही जाहिरात न करता रातोरात कोट्यधीश!’ मलाही तो या महिन्यात चौथ्यांदा आलाय. ताईचा रडवेला आवाज ऐकल्यावर गप्प बसवेना.

‘पहिलाच गेम’ हे धादांत खोटं, आणि पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान करणारंही. अँग्री बर्ड्स हा या पोरांच्या रोव्हिओ कंपनीचा 52वा गेम. कंपनी 2003 ची, गेम डिसेंबर 2009 चा. मधली सहा वर्षं काय चाललं होतं? बरंचसं दुसऱ्यांचं काम. ईए, नामको अशा मोठ्या कंपन्यांसाठी मोबाइल गेम करून द्यायचे. तेव्हा प्रत्येक हँडसेटचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी. तोच गेम प्रत्येक मॉडेलवर नव्याने बसवत राहायचं. एवढं करूनही माणसं पन्नासवरून बारावर आली, कंपनी बुडायला टेकली. ‘वायर्ड’ या तंत्रज्ञानविषयक मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने 2011 मध्ये रोव्हिओवर सविस्तर लेख छापला होता, त्यात हे सगळं आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने तरी तो वाचला असता!

मग आयफोन आला. एकच स्क्रीन, एकच दुकान: अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर. 2009 च्या सुरुवातीला याक्को ईसालो या त्यांच्या डिझायनरने एक चित्र दाखवलं: जाड भुवयांचे, रागावलेले गोल पक्षी, ना पाय ना पंख. गेम काय असेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पक्षी सगळ्यांना आवडले. तिथून पुढे कित्येक महिने घासणं. शत्रू म्हणून डुकरं आली, कारण तेव्हा बातम्यांत स्वाइन फ्लू होता. संस्थापकांपैकी निकलास हेडने गेम आईच्या हातात दिला, तर कधी गेम न खेळणारी ती बाई त्यात अशी गुंतली की ओव्हनमधली सणाची टर्की करपली. तेव्हा त्याला खात्री पटली. ही नजर 51 गेम केल्यावर आलेली आहे.

‘कॉलेजला रामराम’. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकत असतानाच या तिघांनी नोकिया आणि एचपीची मोबाइल गेमची स्पर्धा जिंकली. कंपनी काढा, असं त्यांना सांगितलं एचपीच्या पीटर वेस्टरबाकाने. म्हणजे आधी गेम, मग बक्षीस, मग कंपनी. भाच्याकडे यातलं अजून काहीच नाही.

‘खिशात दमडी नसताना’ वगैरे सोडाच. निकलासचा चुलतभाऊ मिकाएल याचे वडील काई हेड यांनी कंपनीत पैसा घातला होता. आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: अँग्री बर्ड्सवर सुरुवातीला साधारण एक लाख युरोच खर्च झाले होते, आणि मिळकतीच्या मानाने ते किरकोळच. पण आपल्या घरी ती रक्कम कुणाच्या खिशात आहे?

‘कसलीही जाहिरात न करता’ तर अजिबात नाही. मोठ्या बाजारात गेम आधी चाललाच नाही. मग फिनलंडमध्ये, जिथे काहीशे डाउनलोडवर अ‍ॅप स्टोअरच्या यादीत पहिला नंबर मिळायचा, तिथून सुरुवात केली. पुढे स्वीडन, डेन्मार्क, ग्रीस. त्या जोरावर चिलिंगो या प्रकाशक कंपनीने अ‍ॅपलला गळ घातली आणि फेब्रुवारी 2010 मध्ये ब्रिटनच्या अ‍ॅप स्टोअरच्या पहिल्या पानावर जागा मिळवली. त्या दिवसासाठी रोव्हिओने ट्रेलर केला, 42 नवे लेव्हल घातले. तिथल्या यादीत सहाशेव्या नंबरच्या आसपास असलेला गेम तेव्हा कुठे पहिल्या नंबरवर गेला.

ताई, हे त्याला वाचून दाखव. आणि त्याने आजवर जे काही बनवलंय, अर्धवट का असेना, ते घेऊन रविवारी माझ्याकडे पाठव.