‘वारा पेरून पीक येत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हवामानाच्या मॉडेलांना मोसमी पावसापेक्षा मोसमी वारे अधिक चांगले हेरता येतात, या माझ्या लेखावर आपण लिहिलेत : ‘वारा पेरून पीक येत नाही, हे पुण्यात पंख्याखाली बसणाऱ्यांना कोण सांगणार?’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु हे हिणवणे आहे, आणि लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्याच्या लेखणीतून ते उतरले नसते. देशाची मोसमी पावसाची सरासरी मी ८८ सेंटिमीटर लिहिली होती. १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली नवी सरासरी ८७ आहे, ही आपण दाखवलेली चूक मी दुरुस्त केली आहे.

पंख्याचे म्हणाल, तर २००२ साली सांगोल्याजवळच्या आमच्या रानात वडील तिफण हाकत होते आणि चाड्यावर मूठ माझी होती. सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. जुलैत देशात निम्माही पाऊस झाला नाही. बाजरी करपली, उसनवारीच्या बियाण्यावर केलेली दुबार पेरणीही वाळली. तो अंदाज १६ घटकांच्या सांख्यिकीय सूत्राचा होता. समुद्र आणि वातावरण यांची गणिते एकत्र सोडवणारी मॉडेले मी अभ्यासू लागलो, ती त्या वर्षामुळे. मला शेती शिकवण्यापूर्वी आपण एवढे तरी विचारायला हवे होते.

आता वाऱ्याविषयी. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटरवर सोमालियाच्या किनाऱ्यावरून आपल्याकडे येणारे पश्चिमी वारे आणि बारा किलोमीटरवरचे पूर्वेकडून येणारे वारे यांच्या वेगातील फरक हे मोसमी अभिसरणाच्या, म्हणजे पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांच्या चक्राच्या, जोराचे माप आहे. हजारो किलोमीटर पसरलेल्या या प्रवाहावर प्रशांत महासागराच्या तापमानाचा मोठा प्रभाव असतो, समुद्र सावकाश बदलतो, आणि म्हणून एप्रिलमधल्या समुद्राच्या स्थितीवरूनही पुढच्या हंगामाचा काही सुगावा लागतो. पाऊस मात्र ढगांतून पडतो, आणि ढग मॉडेलच्या चौकटीहून, म्हणजे गणितासाठी नकाशाचे जे चौकोन पाडतात त्यातल्या एकाहून, लहान असतात. मान्सून मिशन या मोसमी अंदाजासाठीच्या सरकारी कार्यक्रमात वापरलेल्या मॉडेलची चौकट सुमारे ३८ किलोमीटरची आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी, जिथे पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी पडतो, ही दोन्ही गावे अशा एकाच चौकटीत बसतात. मग मॉडेलला जे खरोखर दिसते ते शेतकऱ्याला सांगायचे, की जे दिसत नाही ते मिलिमीटरमध्ये सांगायचे?

मॉडेल अमेरिकेहून उसने आणले, १९९७ साली प्रबळ एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, ज्याने आपला पाऊस बहुधा घटतो) असूनही पाऊस सरासरीहून किंचित जास्तच झाला, माझे लेख लांबतात, हे आपले उरलेले आक्षेप. मॉडेल मूळचे तिकडचे आहे, हे मी लेखातच लिहिले आहे; एका वर्षावरून पद्धत मोडीत काढता येत नाही; आणि लांबीचा निर्णय माझा आहे.

वारे दुबळे राहतील अशी नुसती शंका जरी २००२च्या मे महिन्यात कानावर आली असती, तर वडिलांनी दारातल्या कडब्याच्या दोन्ही गंजी विकल्या नसत्या. श्रावणात आम्ही तोच कडबा दुप्पट भावाने परत आणला.