गरोदरपणाची फाइल कपाटात नको, पर्समध्ये हवी

दिवस गेल्याचं कळलं की सल्ले न मागता येतात. फाइलचं मात्र कुणी मनावर घेत नाही. ती नवऱ्याच्या बॅगेत, सासूबाईंच्या कपाटात, नाहीतर दवाखान्यातच पडून. जिच्या पोटात बाळ आहे तिला विचारा, गेल्या वेळी बीपी किती होतं? "डॉक्टर नॉर्मल म्हणाले." अगं, पण किती? आकडा विचारायचा आणि फाइलमध्ये लिहून घ्यायचा.

समजा, आधी 110/70, मग 114/74, मग 124/80 आणि चौतिसाव्या आठवड्यात 136/86. 140/90 ची मर्यादा एकदाही ओलांडलेली नाही, म्हणजे सुटं सुटं पाहिलं तर सगळं ठीकच. पण हेच आकडे एकाखाली एक दिसले, की अनुभवी नर्स लघवीतलं प्रोटीन तपासायला लावेल, पुढची तपासणी लवकर ठेवेल. रात्री-अपरात्री भलत्याच हॉस्पिटलात धावावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना ही चढण फाइलशिवाय कशी कळणार?

बाळंतपणाच्या तारखेचंही तेच. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सगळ्यांत भरवशाची. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळीच तारीख छापून येते आणि घरात गोंधळ उडतो. तो बाळाच्या त्या दिवशीच्या मापांवरून मशीनने मांडलेला हिशोब असतो, खरी तारीख त्याने बदलत नाही. पहिला रिपोर्टच हरवला असेल, तर दिवस भरलेत की नाहीत इथूनच घोळ सुरू. (सोनोग्राफीच्या त्या चकचकीत कागदांना लॅमिनेशन करू नका, उष्णतेने काळे पडतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.)

रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी (आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार उभा करू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) कधी दिलं ते तारखेसकट लिहिलेलं हवं.

नोंदी गरोदर बाईने स्वतःजवळ बाळगाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय. तरी "फाइल इथंच राहते" असं ऐकवणारे भेटतात. राहू दे, मला झेरॉक्स द्या म्हणायचं. काउंटरवरचं तोंड वाकडं होईल, होऊ दे. आणि जवळ बाळगायची म्हणजे घरातल्या प्रत्येकाने चाळायची असंही नाही. आधीचा गर्भपात, एचआयव्हीची तपासणी, सगळं त्यात असतं. कुणाला दाखवायचं ते तिचं ती ठरवेल.

बाळंतपण झालं की फाइल रद्दीत टाकणाऱ्यांपुढे तर मी हात टेकलेत. सिझेरियन झालं असेल तर ऑपरेशनची नोंद पुढच्या खेपेला लागतेच. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असं नाही. तो उभा असेल, तर पुढच्या वेळी कळा येऊ देणंच धोक्याचं असतं, आणि बाहेरून बघून ते कुणालाच सांगता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सिझेरियन' लिहून हातात देत असतील, तर तिथंच थांबा आणि छेद कसा घेतला ते लिहून मागा.