तणसाचं टार्गेट आणि काकांचा कान

कान कोरायची काडी माणसाने खराट्यातून ओढावी, आगपेटीतून काढावी, नाहीतर सरळ कापूस लावलेली विकत आणावी. आमच्या सोसायटीतल्या काकांनी ती परवा माझ्या टार्गेटमधून ओढली. टार्गेट तिरंदाजीचं, धानाच्या तणसाचं म्हणजे पेंढ्याचं, अर्धं वळून पार्किंगमध्ये सतरंजीवर ठेवलेलं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून त्या एका काडीची किंमत आधी सांगतो.

हार्वेस्टरमधून निघालेलं तणस या कामाला चालत नाही. काड्या चेचतात, तुटतात आणि वळी, म्हणजे पिळाचा जाड दोर, बनायच्या आधीच सुटते. हाताने झोडलेल्या धानाचं लांब तणस लागतं. नागपूरजवळ मौदा-रामटेककडे धान निघाला की ते मिळतं, पण ओळखीपाळखीने, कारण ज्याच्या घरी ढोरं आहेत तो ते सहजासहजी देत नाही. करडं पडलेलं, कुबट वासाचं घेऊ नये. ते पावसात भिजलेलं असतं आणि पिळ देताच मोडतं. वळायच्या आदल्या रात्री पाणी शिंपडून ओल्या पोत्याखाली झाकायचं. नरम पडलं पाहिजे, गच्च भिजता कामा नये, नाहीतर आतून बुरशी धरते आणि टार्गेटला आंबूस वास मारतो.

कुटार, म्हणजे भुसा, भरलेलं पोतं चालेल का, असं हमखास विचारतात. एखादा आठवडा चालतं. मग कुटार खाली बसतं, पोत्याचा वरचा भाग रिकामा होतो आणि बाण सरळ पलीकडे जाऊन भिंतीवर टोक मोडून घेतो. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, तर विचारच सोडा. त्या इतक्या टणक की बाण शिरण्याऐवजी उसळून परत येतो. मागे प्लायवुड लावण्याचा सल्ला देणारेही आहेत, त्यांनी बाण स्वतःच्या पैशाने घ्यावेत. तणस बाणाला अडवत नाही, सगळ्या बाजूंनी आवळून थांबवतं, म्हणून सगळा खेळ दाबाचा.

तर वळी मनगटाएवढी, पाचेक सेंमी जाड. आधीची मूठ संपायच्या आत पुढची मूठ अर्ध्यावर खुपसायची, नाहीतर जोडावर वळी बारीक होते. मध्यापासून गुंडाळत जायचं आणि दाभणात सुतळी ओवून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला शिवायचा. टाके तीन-चार सेंमीवर, आणि दाभण आधीच्या वळीच्या पोटातून गेलं पाहिजे. नुसता काठ पकडला तर पहिल्याच महिन्यात फेरे सुटतात. दर फेऱ्याला मोगरीने ठोकायचं. सहा फेऱ्यांत 60 सेंमीची चकती होते. अशा दोन करायच्या, दुसरी उलट्या दिशेने वळून पहिलीच्या पाठीला शिवायची, म्हणजे सांध्यावर सांधा फारसा येत नाही. सांध्यात घुसलेला बाण पिसांपर्यंत आत जातो आणि पिसं तिथेच ठेवून येतो. दोन्ही मिळून सात-आठ किलो तणस जातं. वीस-पंचवीस पौंड ओढीच्या धनुष्याला एवढं पुरतं. सायकलचा आरा हाताने दाबून बघा. सहज आत गेला तर उसवा आणि पुन्हा आवळा.

काका आले तेव्हा दुसऱ्या चकतीचा चौथा फेरा चालू होता आणि वळीचं टोक पुढच्या मुठीची वाट बघत उघडं होतं.

"का करून राह्यले, भाऊ?"

"टार्गेट, काका. तिरंदाजीचं."

"तणसाचं?"

"हो."

"ढोरं खातीन ना बाप्पा."

"उभं करणार आहे. स्टँडवर."

"ढोरं उभ्यानंच खातेत."

याला उत्तर नसतं. मी दाभण ओवू लागलो. काका उकिडवे बसले आणि त्यांनी उघड्या टोकातून एक काडी ओढली. बोटांत फिरवली, वाकवली, मोडली, टाकली. दुसरी हुंगली, टाकली. तिसरीचं पेर नखाने चाचपलं. चौथी उजेडाकडे धरली, नखाभोवती गुंडाळली, ती न तडकता परत सरळ झाली आणि काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सरळ, लवचिक, चकचकीत पिवळी. पेंढीभर तणसातून मी जी निवड करतो तीच त्यांनी बसल्या बसल्या केली. असा पारखी मदतीला मिळाला असता तर माझं काम दोन दिवस आधी झालं असतं.

मग ती काडी कानात गेली. एक डोळा मिटला. "फोमचं भेटते ना रेडिमेड," काका अर्ध्या आवाजात म्हणाले, "कायले कुटाने करता?" फोमचं हजारांत पडतं, हे मी सांगितलं. पण त्या क्षणी त्यांना एकाच कानाने ऐकू येत होतं, आणि तो माझ्या बाजूचा नव्हता. काम आटोपल्यावर त्यांनी काडी पाहिली, लुंगीला पुसली आणि नीट परत वळीत खोचली.

"वाया कायले जाऊ द्याची?"

त्यांनी टाकलेल्या तीन काड्या मी उचलून आत घातल्या. चौथी कोणती, ते आता ओळखू येत नाही.

टार्गेटच्या चेहऱ्याचं, म्हणजे पुढच्या रंगीत पट्ट्यांच्या फेसचं, काम त्यापेक्षा स्वच्छ. 60 च्या चकतीवर 40 सेंमीचा फेस बसतो, 18 मीटरवरून मारतात तो. मध्यापासून पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा, प्रत्येक पट्टा चार सेंमी. जाड मांजरपाटावर हळद, गेरू, नीळ, काजळ, सगळं खळीत कालवून. पांढऱ्यासाठी चुना घेऊ नका, आणि कापडाला आधी चुना फासायची हुशारी तर मुळीच नको. चुन्यावर हळद लागली की लाल होते, मग दहा गुणांचा पिवळा ठिपका आणि सात गुणांचा लाल पट्टा एकाच रंगाचे. शाडू वापरा.

स्टँड तीन बांबूंचा, मध्यबिंदू जमिनीपासून 130 सेंमीवर, चकती दहा ते पंधरा अंश मागे कललेली. जमिनीवर टेकवून ठेवली की वाळवी लागते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हाने तणस ठिसूळ होतं, तेव्हा संध्याकाळी पाण्याचा हलका हबका मारायचा आणि दिवसा सावलीत ठेवायचं. मध्यभागाचं भोक मोठं झालं की तेवढाच गाभा काढून नवा शिवता येतो.

मारायचं कुठे, हा प्रश्न वेगळा. शहरात जो मोकळा तुकडा दिसेल त्याचा लग्नाचा लॉन होतो, नाहीतर पार्किंग. मुलं कुठे खेळतील हे कुणाला सुचत नाही, पण चारशे गाड्या कुठे लागतील हे अचूक सुचतं. आम्हाला मागचा प्लॉट मालकाने बांधकाम सुरू होईपर्यंत दिला आहे, मागे उंच आंधळी भिंत असलेला. त्यावरही सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं, अर्ज द्या. अर्ज दिला, तर म्हणाले प्लॉट आपला नाहीच.

बाण काढताना एक तळहात चकतीवर सपाट टेकवावा, दुसऱ्या हाताने बाण अगदी तणसाजवळ धरावा आणि सरळ रेषेत ओढावा, हलवू नये. आणि मागे कुणी उभं नको, कारण बाण सुटला की त्याचं शेपूट थेट मागच्याच्या डोळ्यात जातं. काका प्लास्टिकची खुर्ची नेमकी तिथेच टाकतात. तिथे सावली असते.