साठ तासांचे मास्तर

"आत्या, समाजसहभागाचा प्रकल्प आहे, दोन क्रेडिटचा. साठ तास भरायचे आणि फोटो जोडायचे." दादरच्या कॉलेजात शिकणारा भाचा फोनवर म्हणाला आणि मला आमचं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आठवलं. दोन वर्षांत 240 तास, शेवटी दहा ग्रेस मार्क. वाडा तालुक्यातल्या गावात सात दिवसांचं शिबिर, श्रमदानाचा बंधारा, रात्री गाणी. तो बंधारा पुढच्या पावसात टिकला का, हे बघायला आमच्यातलं कोणी परत गेलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीत हा प्रकल्प आला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. दादा म्हणतो, बीकॉमच्या पोराला वस्तीत कशाला पिटाळता? वहिनी म्हणते, तेवढंच जग बघेल. त्यात इथे फिलाडेल्फियात माझी लेक अर्थशास्त्राच्या जोडीला 'समाजसहभाग आणि शिक्षण' असं मायनर करतेय, चांगले सहा पेपर. "त्याने नोकरी लागते का?" हा दादाचा प्रश्न दर दिवाळीला ठरलेला.

मला वहिनीचंही पटत नाही. वस्ती म्हणजे काही राणीची बाग नव्हे.

लेकीचं पहिलं सत्र शाळेत पाऊल न टाकता गेलं. इथे शाळेचा बराचसा पैसा त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणजे घरं स्वस्त तिथली शाळा गरीब. 2023 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेत बसत नाही असं ठरवलं. हे सगळं वाचून, वर पोलिसांचा दाखला काढून मग ती मुलांसमोर बसली. शाळेच्या वाचनालयाला कुलूप का, हे तिला मुलांना विचारावं लागलं नाही.

भारावून जायचं कारण नाही. इथेही बायोडेटा सजवायला येणारे ढिगाने आहेत. तीनला बस येते, पाचला जाते.

आणि मुंबईला हे फिलाडेल्फियाकडून शिकायची गरजही नाही. 'प्रथम' या संस्थेने 1990च्या दशकात वस्त्यांमध्ये बालवाड्या काढल्या, त्या चालवल्या त्याच गल्लीतल्या मुलींनी, कधी कोणाच्या घरात, कधी देवळात. माझा राग वेगळाच आहे. भाच्याचे तास कॉलेजचे सर मोजणार, गुणही तेच देणार. प्रकल्पासाठी ज्यांच्या वर्गात तो बसतो, त्या महापालिका शाळेतल्या बाईंची सहीसुद्धा लागत नाही.

मी त्याला म्हटलं, निदान बाईंना विचार तरी, त्यांना काय हवंय. त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "शिकवू नकोस बाळा, दर वर्षी नवा मास्तर आला की पोरं बिथरतात. चौथीतल्या तिघांची आधारवरची नावं चुकलीत, आईबाप रोजावर जातात. त्यांच्याबरोबर केंद्रावर जाशील?"

दोन शनिवार गेले. एकाचं नाव दुरुस्त झालंय, दुसऱ्याचा जन्मदाखला गावाहून यायचाय. भाच्याच्या फॉर्ममध्ये या कामाला रकाना नाही. सध्या तो 'इतर' मध्ये लिहितो.