रेल्वे संग्रहालयाची शेड : उद्घाटनापुरती कशी बांधावी

जुने डबे आणि इंजिनं पावसात सडतात म्हणून निधी मंजूर झालाय? अभिनंदन. नुकतीच एक नवीकोरी शेड पाहिली. आत सागवानी डबा, आणि त्याच्या टपावर बरोबर मधोमध पाण्याची धार. त्या शेडकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, डबा मोजू नका. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा डबा दोन्ही टोकांच्या बफरसकट 22 मीटर 30 सेंटिमीटर भरतो हे कळलं, तर 20 मीटरची शेड बांधायला हात धजावत नाही. तुम्ही 20 चीच बांधा. सव्वादोन मीटर बाहेर राहील, पण तिकडे संडास असतो, तो नाहीतरी कायम ओलाच असायचा.

खांब रुळांच्या मध्यापासून 1.8 मीटरवर घ्या. डब्याची रुंदी 3245 मिलिमीटर, म्हणजे खांब आणि डबा यांच्यात जेमतेम 18 सेंटिमीटर उरतात. रंगाऱ्याचा हात जाईल, रंगारी जाणार नाही.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचारू नका. 1676 मिलिमीटर की 762, ते रूळ टाकून झाल्यावर बघू.

छपराच्या कैच्यांना, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, अँगलच वापरा, गोल पाइप नको. कबुतरांना बसायला सपाट जागा लागते.

पत्रा एकेरी, खाली इन्सुलेशन नाही, तिन्ही बाजू बंद. माथ्यावर हवा जायला फट अजिबात नको. वाफेच्या इंजिनांच्या शेडना धुरासाठी वर वाट ठेवत असत, आणि हरियाणातल्या रेवाडीची 1893 ची शेड अजून उभी आहे, पण त्या काळच्या लोकांना काय कळत होतं? पहाटे पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागून थेंब धरते आणि ते थेंब खाली टपकतात. बॉयलरचं कित्येक टनांचं लोखंडही उशिरा तापतं, त्यावर सकाळी घाम सुटतो. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर गेला की गंज वेग घेतो. पावसाळ्यातल्या मुंबईत तो बहुतेक वेळ 80 च्या आसपास किंवा वरच असतो. फरशीखाली प्लास्टिकचा जाड कागद घातला नाहीत, तर जमिनीतली ओलही वर येऊन हातभार लावते.

आता पन्हळ. रूळ तीन, छपरं दोन, आणि दोन्ही छपरांचा आतला उतार मधल्या पन्हळीत. ही पन्हळ येते मधल्या रुळाच्या डोक्यावर, म्हणजे तुमच्या सगळ्यात जुन्या डब्यावर. शेड 20 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद धरा. पन्हळीकडे त्यातलं अर्धं, 150 चौरस मीटर छप्पर उतरतं. तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाला तर तासात 15,000 लिटर, सेकंदाला चार लिटरच्या वर! त्याला वाट किती? चार इंची पाइप, एक. तोही कबुतराच्या पिसांनी आणि पिंपळाच्या पानांनी तुंबलेला. पन्हळ भरून वाहते ती थेट टपावर. टपावर रंग दिलेला कॅनव्हास ताणलेला असतो. तो एका जागी फाटला की पाणी फळ्यांतून खिडकीच्या चौकटीत, तिथून उभ्या लाकडात आणि शेवटी तळाच्या आडव्या तुळईवर. तिथेच साचतं. बाहेरून रंग चकचकीत, बोट दाबा, नखापर्यंत आत जातं. 15 मीटरचं एकच दुपाखी छप्पर घातलं असतं तर सगळं पाणी दोन्ही कडांना बाहेर पडलं असतं. 15 मीटरची कैची काही जगावेगळी नाही हो! गोदामावाले रोज टाकतात.

उघड्यावर होता तेव्हा पाऊस थांबला की निदान ऊन लागायचं, वारा लागायचा, डबा वाळायचा. आता छपराखाली चार महिने ओला. लाज वाटत नाही का? दोन माणसं, एक टेप आणि अर्धा तास, एवढ्यात डब्याची मापं होतात, पण ती नकाशा काढण्याआधी घ्यावी लागतात. कोनशिलेला ग्रॅनाइट मिळतो, आणि वर्षातून दोनदा शिडी लावून पन्हळ साफ करणाऱ्याची मजुरी निविदेत बसत नाही? तो सागवानी डबा परत कोणी घडवून देणार नाही.

मे संपायच्या आत ती पन्हळ साफ करा, एका पाइपाचे चार पाइप करा. तेवढंही होत नसेल तर डबा ढकलून बाहेर उन्हात उभा करा.