पातेल्याची मोहीम

आमच्या कंपूतील सहाही जण पंचेचाळिशी ओलांडलेले असल्यामुळे राजगड-तोरणा-रायगड हा चार मुक्कामांचा ट्रेक करण्याचा निर्णय ज्या घरी झाला, त्या घरात त्या रात्री गुडघ्याच्या तेलाची बाटली समोरच्या टेबलावर होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. आमचा म्होरक्या हा ट्रेक कॉलेजात असताना एकदा करून आला होता आणि त्या भांडवलावर तो गेली पंचवीस वर्षे आम्हांला कमी लेखत होता. दुसरा सहकारी डॉक्टर होता, म्हणजे दंतवैद्य होता. परंतु "बरोबर एक डॉक्टर आहे" या वाक्याने सहाही घरांतील परवानग्या मिळाल्या. चौघांचे गुडघे आणि दोघांच्या कमरा दुखणार हे उघड असलेल्या मोहिमेत दातांना काय होणार होते, असा प्रश्न कोणीही विचारला नाही.

पहिल्या बैठकीत सामायिक सामानाचे समान वाटप झाले. समान वाटप म्हणजे ज्याने आधी तोंड उघडले त्याने हलकी वस्तू उचलली. बँकेतील मित्राने प्रथमोपचाराची पेटी घेतली, डॉक्टरने मीठ-मसाले घेतले, म्होरक्याने "जबाबदारी" घेतली आणि मी त्या वेळी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेलो असल्यामुळे माझ्या वाट्याला पातेले आले. सहा जणांची खिचडी मावेल एवढे पातेले ट्रेकच्या दुकानात मिळत नाही, घरात मिळते. आमच्या घरातील ते जर्मनचे पातेले सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दिलेले आहे आणि ते मोठे, जाड, कडांना दांडगे आणि वृत्तीने अतिशय बोलके आहे. पत्नीने ते फळीवरून काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे परत यायला हवं. तुमचं नंतर बघू."

पातेल्याचा दोष एवढाच, की ते सॅकमध्ये मावत नाही. सॅकमध्ये मावण्यासाठी ते आधी रिकामे असावे लागते, ते रिकामे असले तर त्यात कपडे भरता येतात, हे सर्व मला तर्काने मान्य होते. परंतु त्याचा घेर सॅकच्या तोंडापेक्षा चार बोटे मोठा होता आणि या चार बोटांपुढे तर्क चालत नाही. शेवटी ते सुतळीने सॅकच्या पाठीवर पालथे बांधले. घरातल्या काट्यावर सॅक चौदा किलो भरली. ती पाठीवर घेऊन मी दिवाणखान्यातून दारापर्यंत चाललो तेव्हा पातेल्याने दाराच्या चौकटीला पहिला ठोका दिला. तो ठोका पुढचे पाच दिवस सह्याद्रीत घुमणार होता.

पहिल्या दिवशी गुंजवण्याहून चोर दरवाज्याच्या वाटेने आम्ही राजगड चढू लागलो. या वाटेवर शेवटच्या टप्प्यात कातळात रेलिंग लावलेले आहे आणि त्या रेलिंगला धरून चढताना दर पावलाला माझे पातेले लोखंडाला लागून असे वाजे, की वरून उतरणारे लोक आदराने बाजूला होऊन वाट देत. बहुधा त्यांना देवळाची घंटा पुढे पाठवली आहे असे वाटत असावे. माझ्या मागून चालणाऱ्या मित्रांना मात्र हा नाद असह्य झाला आणि थोड्याच वेळात माझ्या मागे चालणारा कोणी उरला नाही, कारण मी सर्वांत मागे पडलो होतो.

पद्मावती माचीवर पोहोचेपर्यंत ऊन कलले होते. तेथे गावातून ताक आणि लिंबू सरबत घेऊन आलेल्या एक मावशी बसलेल्या होत्या. मी सॅकसकट खाली बसलो, पातेले दगडावर आपटले, आणि मावशींनी माझ्याकडे निरखून पाहत विचारले, "जुनी कापडं घेऊन भांडी देता व्हय?" मित्रमंडळी जेवढी हसली तेवढी गडावर पुन्हा कधी हसली नाहीत. मी त्यांच्याकडून दोन ग्लास ताक प्यायलो आणि माझ्या जवळच्या कपड्यांकडे पाहिले. त्या वेळी मी घातलेला शर्ट खरोखरच कोणत्याही भांड्याच्या बदल्यात देण्यासारखा झाला होता. रात्री त्याच मावशींच्या नात्यातल्या कोणीतरी पिठले-भाकरी आणून दिली, पातेले उघडलेही नाही आणि देवळात झोपताना ते मी उशाशी ठेवले.

शिवाजी महाराजांनी सुमारे पाव शतक ज्या गडावरून राज्याचा कारभार पाहिला, त्या गडावर पहाटे उठून बालेकिल्ल्याकडे पाहताना कोणाच्याही मनात थोर विचार येतात. म्होरक्याच्या मनात आले ते असे, की मावळे मूठभर चण्यांवर अख्खा दिवस चालत आणि आपण मात्र एवढा शिधा वाहतो हे लांच्छनास्पद आहे. हे त्याने चौथा उकडलेला बटाटा खाताना सांगितले. शिध्यापैकी त्याच्याकडे फक्त जबाबदारी असल्यामुळे त्याला असे विचार करायला सवड होती.

दुसरा दिवस हा ट्रेकचा खरा दिवस. संजीवनी माचीच्या टोकाकडे चालत जाताना ती संपतच नाही, आणि ज्या चिलखती बुरुजांचे, दुहेरी तटबंदीचे कौतुक पुस्तकात वाचलेले असते ते प्रत्यक्षात पाहताना आपण आता दुहेरी घामात आहोत एवढेच जाणवते. अळू दरवाज्यातून बाहेर पडून डोंगराच्या सोंडेने तोरण्याकडे निघालो, की मध्ये पाणी जवळजवळ नाही. त्यामुळे प्रत्येकाने चार-चार लिटर पाणी घेतले होते. त्या सोंडेवर माणूस किती थकतो याचे माप मी बाटल्यांवरून ठेवले होते: पहिली बाटली "सगळ्यांनी घ्या" या आग्रहाने संपली, दुसरी "घोटभर दे" या विनंतीने संपली, आणि तिसरी संपली तेव्हा ती माझी नव्हती असे बँकवाल्याने सांगितले. पातेल्यात मात्र हवा होती आणि ती जड होती.

दुपारनंतर तोरण्याच्या अलीकडे एक बुरूज लागतो, त्याचे नाव रडतोंडीचा बुरूज. हे नाव ज्याने ठेवले त्याने राजगडावरून चालत आलेला माणूस पाहिला असला पाहिजे. डॉक्टरने त्याच्या पायथ्याशी बसून सॅक काढली आणि आता आपण दंतवैद्य आहोत, गिर्यारोहक नव्हे, असे निवेदन केले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे १२ किल्ले मान्य केले, त्यांत राजगड आहे, रायगड आहे, पण शिवरायांनी अगदी सुरुवातीलाच घेतलेला आणि पुणे जिल्ह्यात उंचीने पहिला असलेला तोरणा नाही. त्या बुरुजाला रडायला एक कारण आणखी आहे, हे मी डॉक्टरला समजावून सांगितले. परंतु दुसऱ्याच्या दुःखाने त्याचे दुःख हलके झाले नाही. शेवटी त्याच्या सॅकमधले मीठ-मसाले माझ्या पातेल्यात घालून ते मी वाहिले, तेव्हा तो उठला. या गोष्टीची नोंद मी मुद्दाम करतो, कारण परतल्यावर त्याने हा प्रसंग वेगळा सांगितला आहे.

मेंगाईच्या देवळात त्या रात्री पातेल्याला त्याच्या आयुष्यातले गडावरचे एकमेव काम मिळाले. छोट्या गॅसवर मोठे पातेले ठेवले, की ज्योत मध्ये एका नाण्याएवढ्या जागेत लागते आणि बाकी पातेले वाऱ्याला तोंड देत उभे राहते. त्यामुळे आमची खिचडी मधे करपली, कडेला कच्ची राहिली, आणि त्या दोहोंच्या दरम्यान सुमारे बोटभर रुंदीचे एक वर्तुळ उत्तम शिजले होते. सहा जणांनी चमचे त्या वर्तुळावर चालवले. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला गेला असे सांगतात. आम्हांला तेथे जे सापडले ते उंदीर होते, आणि त्यांनी खिचडीचे ते न शिजलेले कोपरे पहाटेपर्यंत, मला ऐकू येईल अशा पद्धतीने, संपवले. टाक्यातले पाणी पिण्यापुरतेच वापरायचे असल्याने पातेले घासता आले नाही. तळाला करपलेला थर तसाच चिकटून राहिला आणि तिसऱ्या दिवशी मी पातेले अधिक तो थर असे ओझे घेऊन निघालो.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बुधला माचीवरून पलीकडे उतरल्यावर दिवसभर चालत मोहरीला पोहोचलो, एवढेच मला आठवते, कारण बाकीचे सर्व मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत चाललो. मोहरीत एका घरी ओसरीवर पथारी पसरायला जागा मिळाली. घरातल्या आजींनी माझे पातेले पाहिले, तळातला थर नखाने खरवडून पाहिला, आणि काही न बोलता सुनेला नाचणीच्या भाकऱ्या वाढवायला सांगितले. आमच्याकडचा स्वयंपाकाचा विषय त्या एका नजरेत कायमचा मिटला.

संध्याकाळी रायलिंगाच्या पठारावर जाऊन कड्याच्या टोकाशी बसलो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड, आणि खाली धुक्यात कोकण. तेथे सहाही जण पहिल्यांदा गप्प बसले. म्होरक्याने मावळ्यांचा विषय काढला नाही, बँकवाल्याने गृहकर्जाचा काढला नाही. डॉक्टरसुद्धा बराच वेळ तोंड मिटून होता, आणि त्याच्या व्यवसायातला माणूस हे दुसऱ्यालाच करायला सांगतो.

चौथ्या दिवशी आम्ही सिंगापुरातून दापोलीला जाणार होतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. मोहरीजवळच्या एका छोट्या गावाचे नाव सिंगापूर आहे, आणि तेथून नाळेने घाट उतरल्यावर कोकणात जे गाव लागते त्याचे नाव दापोली आहे; मात्र ही दापोली महाड तालुक्यातली, समुद्राची नव्हे. सिंगापुरात एका ठराविक दगडावर उभे राहिले तर फोनला रेंज येते. मी त्या दगडावर चढून घरी निरोप पाठवला, "सिंगापूर सोडले. दुपारपर्यंत दापोली. सर्व ठीक." खाली उतरेपर्यंत उत्तर आले होते: "मग येताना सुके बोंबील आणा. अर्धा किलो. नीट बघून." एवढा मजकूर वाचून मी खुलासा करायला परत दगडावर चढलो, पण तोपर्यंत रेंज गेली होती.

सिंगापूर नाळ म्हणजे दोन डोंगरांच्या मधली दगडधोंड्यांची घसरगुंडी. पावसाळ्यात तिच्यातून पाणी उतरते, डिसेंबरात आमच्यासारखे लोक उतरतात, आणि पाण्याला गुडघे नसल्यामुळे ते अधिक डौलाने उतरते. गावातला एक वाटाड्या आमच्याबरोबर होता. तो पायात रबरी चप्पल घालून एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर असा जाई, की जणू घरातल्या पायऱ्या उतरतो आहे. आम्ही मात्र बसून, सरकून, कधी पालथे होऊन उतरत होतो. तासाभरात माझ्या पँटची बैठक विरली आणि तिच्याखालच्या बैठकीची वेळ आली.

साधारण मध्यावर एका मोठ्या धोंड्यावरून पाठमोरा उतरताना चार दिवस दगडांवर घासत आलेली सुतळी तुटली. पातेले सॅकवरून सुटले, धोंड्याच्या कडेवर क्षणभर उभे राहिले, जणू कोणत्या बाजूने जावे याचा विचार करीत होते, आणि मग निघाले. पहिला ठोका जवळ पडला, दुसरा त्याखालच्या वळणावर, नंतरचे मोजता आले नाहीत. नाळेच्या दोन्ही भिंतींतून तो आवाज उलटसुलट वर येत होता. आम्ही सहा जण ज्या अवस्थेत होतो त्याच अवस्थेत थिजून ऐकत राहिलो. डॉक्टरचा एक पाय हवेत होता तो तसाच राहिला. आवाज बारीक होत गेला, मग एक शेवटचा मंद ठोका आला आणि सर्व शांत झाले. वाटाड्याने मान हलवून म्हटले, "पातेलं पोचलं. चला, आता आपन जाऊ."

मला आजही त्या वाक्यात थोडा टोमणा वाटतो, कारण आम्हांला पोहोचायला आणखी तीन तास लागले. पातेले नाळेच्या खालच्या अंगाला कारवीच्या झुडपात तोंड वर करून बसलेले सापडले. त्याने आपली पोच पोच्यांच्या रूपाने दिली होती: मी मोजले तेव्हा बाहेरच्या अंगाला अकरा भरले. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, की तळाचा करपलेला थर पूर्णपणे निघून गेला होता. जे काम घासणीने आणि चार कुटुंबांच्या सल्ल्याने झाले नसते ते सह्याद्रीने वीस-पंचवीस ठोक्यांत केले.

पाचव्या दिवशी रायगड. ज्या गडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो पायांनीच चढायचा, हे आम्ही पुण्यात ठरवले होते. पायथ्याशी पोहोचल्यावर रोपवेच्या दिशेने पहिले पाऊल कोणी टाकले हे अजून वादात आहे. मी एवढेच सांगतो, की मी त्या वेळी बूट बांधत होतो आणि मान वर केली तेव्हा म्होरक्या तिकिटाच्या रांगेत दुसरा होता. पाळण्यात माझ्या मांडीवर पातेले होते. समोर बसलेल्या एका लहान मुलाने त्यावर तळहाताने थाप मारली आणि आईला सांगितले, की हे काका वाजवायला आले आहेत.

घरी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. दारातच पत्नीने माझ्या हातातून पातेले घेतले, दिव्याखाली फिरवून पाहिले आणि ओट्यावर ठेवले. ते एका बाजूला कलले. तिने ते दुसऱ्या बाजूने ठेवले. ते तिकडे कलले. बराच वेळ ते ओट्यावर डुलत राहिले आणि आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत राहिलो.

"हे असं कसं झालं?" तिने विचारले.

मी खरे ते सांगितले, की सिंगापूरहून दापोलीला येताना ते पडले.

तिने हाताने पातेले स्थिर केले, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि विचारले, "आणि बोंबील?"